धनीबाईचा प्रश्न

आमदार निवास, नागपूर
२० डिसेंबर १९६१

ती. विमलताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे. जवसाची चटणी पोचली. खोकला उतरला, काळजी करू नकोस.

इथे सकाळी असं धुकं पडतं की समोरची झाडं नाहीशी होतात. खिडकीशी चहा घेताना आपण नक्की कुठे आहोत, हेच क्षणभर उमगत नाही. यवतमाळचं कोर्ट, मुंबईचं सभागृह, हे नागपूर, सगळं एकमेकांत विरघळून जातं. आमदार होऊन पाच वर्षं होत आली, तरी स्वप्नात मी अजून काळा कोटच घालतो.

पुढच्या खेपेला वामन मंत्री होणार, असं दारव्ह्यात सगळे म्हणतात, हे तू लिहिलंस. त्याचं नंतर लिहितो. आधी धनीबाईचं.

गुलाबसिंगचा खटला तुला आठवत असेल. मी सरकारी वकील होतो तेव्हाचा. तांड्यावरचा माणूस, बाजारात एकावर कुऱ्हाड चालवली होती. शिक्षा मीच करवली, आणि ती योग्यच होती. धनीबाई त्याची बायको. गेल्या उन्हाळ्यात तिच्या मुलाला, अमरसिंगला, चोरीच्या संशयावरून ठाण्यात नेलं. संशयाला बापाचं नाव पुरलं. पोरगा जिवंत परत आला नाही.

तू तेव्हा उमरखेडला होतीस. ती आपल्या ओसरीवर येऊन बसली. रडली नाही.

"त्याच्या बापानं केलतं. तुम्ही शिक्षा करवली, मी काही बोलली नाही. पोरानं काहीच केलं नोतं, साहेब. तवा जसे बोलले, तसेच आता बोला."

"बाई, मी आता वकील नाही."

"मग आमदार कायले झाले?"

मी सभागृहात प्रश्न दिला. मारोतराव, आमचे जिल्ह्याचे पुढारी, इथे खोलीवर आले. पलंगावर बसून प्रेमानंच म्हणाले, "वामनराव, तिकिटं ठरून राह्यली. आपल्याच सरकारले काहून अडचणीत आणता? प्रश्न मागे घ्या." मी त्यांना चहा दिला. प्रश्न मागे घेतला नाही.

उभा राहिलो तेव्हा सभागृह मला पाण्याखालचं वाटलं. चेहरे हलत होते, आवाज नव्हता. मग कुठून तरी लांबून माझाच आवाज ऐकू येऊ लागला, जुना, कोर्टातला, एकेक साक्ष उलगडत जाणारा. अध्यक्ष महाराजांना चुकून 'न्यायमूर्ती' म्हणालो, तरी कुणी हसलं नाही. शेवटी न्यायालयीन चौकशी जाहीर झाली. ठाणेदार निलंबित झाला.

बाहेर कडुनिंबाखाली गुलाबसिंग उभा होता. शिक्षा भोगून सुटलाय, केस पांढरे झालेत. गॅलरीत बसून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आवाज तोच हाये, साहेब. तवा लई भेव वाटलतं."

"आणि आज?"

"आज पोराचं नाव साऱ्यायनं ऐकलं." एवढं बोलून तो खाली बसला आणि पागोट्यात तोंड लपवून रडला. मी त्याच्या शेजारी मातीतच बसलो. ऊन पानांतून हलत होतं.

ताई, जे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, ते आता लिहितो. मला तिकीट नाही. काल मारोतरावांनी सांगितलं, तेव्हा त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. पश्चात्ताप नाही, पण वाईट वाटतं हे तुझ्यापासून कशाला लपवू? मला सभागृहात आवडायचं गं. उभं राहून बोलावं आणि कुठल्यातरी गावात काहीतरी हलावं, याची चटक लागली होती.

अधिवेशन संपलं की दारव्ह्याला येतो. वकिलीची पाटी लावीन, या वेळी आरोपींच्या बाजूची.

मंत्र्याची बहीण म्हणवून घ्यायचं तुझं राहिलं. रागावलीस तर रागाव, पण आधी दार उघड.

तुझ्या घरी यायला निघालेला,
वामन