कुवाबाराकाकांची सरळ बंदूक

चिबा, १४ ऑक्टोबर

ती. चिनात्सुताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा रविवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिसुझुने हात वर केला आणि माझं सगळं बदललं. हसू नकोस, पुढे वाच.

मिसुझु ही माझ्या मालकांची, ओगाता साहेबांची मुलगी. त्यांच्या दुकानात मी खेळातल्या बंदुका दुरुस्त करतो आणि वरच्याच खोलीत राहतो, हे आईला सांगू नकोस. कॉलेज सोडल्याचं दुःख तिला सध्या पुरे.

ही बंदूक बाहेरून लष्कराची, पोटातून शिवणयंत्राची बहीण. घोडा दाबला की मोटर फिरते, दातेरी चाकं दट्ट्याला मागे खेचतात, स्प्रिंग सुटते आणि कोंडलेली हवा वाटाण्याएवढा प्लास्टिकचा छर्रा उडवते. नळीत वर रबराचा उंचवटा असतो. त्याला घासून छर्रा उलटा गरगरतो, म्हणून लांब जातो. मिसुझु तो रबर नखाने चाचपून सांगते, ही डावीकडे मारणार. आणि ती डावीकडेच मारते.

रविवारी आम्ही दोन गट करून या बंदुकांनी एकमेकांचा झेंडा पळवण्याची लढाई खेळतो. छर्र्याची खूण उरत नाही. लागला की आपणच हात वर करून तसं सांगायचं आणि मैदान सोडायचं, एवढ्या भरवशावर खेळ चालतो. छर्रा तिच्या पिशवीला नुसता चाटून गेला, कुणी पाहिलंही नाही, तरी तिने हात वर केला. असं माणूस मी पाहिलं नव्हतं.

लोभ आहेच, रागावलीस तरी असू दे.
तुझा कोहेइ

मात्सुयामा, १९ ऑक्टोबर

चि. कोहेइ यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. संत्र्यांची तोड सुरू झाली, आई पाठ धरून बसते आणि तू कॉलेजात परत कधी जाणार, ते विचारते.

मुलीचं कौतुक पोचलं. पण तुझ्या स्वतःच्या खेळाचं त्यात अक्षर नाही. लहानपणीही काही लपवायचं असलं की तू दुसऱ्याची स्तुती करायचास. काय करून बसलास, ते लिही.

चिनात्सु

चिबा, २५ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न.

त्या रविवारी मिसुझु बाहेर गेल्यावर आमच्या गटात मी एकटाच उरलो होतो. खांद्यावर छर्रा बसला. मी हात वर केला नाही, तसाच धावलो आणि समोरच्यांचा झेंडा काढला. साहेबांनी पाठ थोपटली. मिसुझुने डब्यातली स्वतःची अर्धी ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, दिली, ती मी खाल्लीसुद्धा.

छर्रा समोरच्या गटातल्या कुवाबाराकाकांचा होता. साठीचे पोस्टमन, साधा माणूस. माझ्यावर त्यांना शंकाच आली नाही. आपलीच बंदूक वाकडी मारते म्हणून ते ती दुरुस्तीला टाकून गेले. मिसुझु आज सकाळपासून ती उघडून बसलीय. दोनदा सगळी चाकं धुतली, रबर बदलला. दोष सापडत नाही आणि ती स्वतःच्या हातांना बोल लावतेय.

लागूनही न सांगणाऱ्याला इथे भूत म्हणतात. साहेब भुताला कामावर ठेवत नाहीत, आणि ती तर तोंडही बघणार नाही. काका बंदूक न्यायला आता खाली दुकानात आलेत. तिघांसमोर सांगून टाकतो.

काहीही झालं तरी भाऊ म्हणत राहा.
कोहेइ

ता. क. पाकीट जिन्यात उभा राहून चिकटवतोय. खोलीचं दार बाहेरून लावलंय, परत वर पळायला नको म्हणून.