एका पत्त्यावरच्या दोघांचा पास

४ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या थीम पार्कवाल्यांनी वर्षाच्या पासाचे दर वाढवले. वाढवले म्हणजे थोडेथोडके नाहीत, जवळजवळ दुप्पट केले. फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ओरडून सांगतेस, म्हणून हे लिहून कळवतो आहे.

काल संध्याकाळी नेहमीप्रमाणे गेलो तर फाटकापाशी ही गर्दी. नवा फलक लावलाय. त्यावर हसणारं अस्वल आणि अस्वलाच्या पोटावर नवे दर. जुळ्यांची आई फलक पुन्हा पुन्हा वाचत होती, वाचून आकडा कमी होणार असल्यासारखी. कवायतीचे मास्तर रखवालदाराला फैलावर घेत होते, आणि तो बिचारा सांगत होता की दर वाढले तरी त्याचा पगार आहे तिथेच आहे. एक गृहस्थ म्हणाले, सगळ्यांनी मिळून ठरवू या, यंदा कुणीच पास काढायचा नाही. थोड्या वेळाने तेच खिडकीपाशी नव्या पासाची रांग कुठली ते विचारताना दिसले.

शिवणबाईंनी मात्र काही आरडाओरडा केला नाही. शिवणबाई म्हणजे पार्कातल्या आमच्या बाकावरच्या, तुला मागे लिहिलं होतं बघ, कपडे दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. त्यांनी शांतपणे फलक वाचला, चष्मा घडी करून ठेवला आणि म्हणाल्या की महिनाअखेर पास संपतो, तोवर येईन, पुढे काही आपल्याला जमायचं नाही. दुकान बंद झाल्यापासून त्यांना हात राखूनच खर्च करावा लागतो. मला फार राग आला. त्यांचा नाही, पार्कवाल्यांचा.

आणि गंमत बघ, एका पत्त्यावर राहणाऱ्या, नात्यातल्या दोघांचा मिळून जो पास असतो, त्याचा दर मात्र आहे तोच ठेवलाय. घरटी एकच मिळतो, पण मिळतो स्वस्त. म्हणजे एकट्या माणसानेच तेवढा भुर्दंड भरायचा. हा कुठला न्याय?

नवी कवळी छान बसली आहे. तुझ्या हातची म्हटल्यावर बसायलाच हवी. तब्येत जप आणि सवडीने चार ओळी पाठव.

तुझे,
बाबा

---

१० मार्च

ती. रू. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. इथे सगळं ठीक आहे. कामाचा ढीग पडलाय. आमच्या दवाखान्यात सगळ्या गावाने एकदमच दात काढून घ्यायचं ठरवलेलं दिसतं, त्यामुळे दिवसभर मी कवळ्या करत बसलेली असते.

बाबा, रागावू नका, पण तुमची त्या पार्कवरची माया मला कधीच कळली नाही. तीन वर्षं तुम्ही पास काढताय आणि अजून एकाही पाळण्यात बसलेला नाहीत. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वर पाठवलंत आणि स्वतः जिन्याने गेलात, कारण म्हणे आतलं यंत्र तुम्ही पाहिलंय. मग आकाशपाळणा नुसता खालून बघण्यासाठी दुप्पट पैसे कशाला? घराच्या मागे बाग आहे, ती फुकट आहे. तिथे फिरा.

तरीही पार्कच हवा असेल तर पास मी काढून देते. नाही म्हणू नका. माझी मिळकत आता बरी आहे आणि तुम्ही स्वतःसाठी दुसरं काही मागतच नाही.

आत्या भेटली तर तिला माझा नमस्कार सांगा. रागावला नाहीत असं पुढच्या पत्रात स्वच्छ लिहा.

तुमची,
ठकी

---

१६ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. रागावलो नाही. पण पास तू काढू नयेस. प्रश्न पैशाचा नाही. म्हणजे पैशाचाच आहे, पण माझ्या पासाच्या पैशाचा नाही. ते जाऊ दे.

तुझ्या सांगण्यावरून बागेत जाऊन आलो. बागेतल्या बाकांना पाठ नाही. ज्या एका बाकाला आहे, त्यावर एक कुत्रं झोपलेलं असतं आणि त्याला माझी ओळख करून घ्यायची इच्छा नाही. शिवाय तिथे बोलायला कुणी नाही. जो तो कानात काहीतरी खुपसून तरातरा चालत असतो. बागेत म्हणून पुन्हा जाणार नाही.

आमच्या बाकावर हल्ली सगळे गप्प गप्प असतात. कवायतीच्या मास्तरांनी घासाघीस करायचा प्रयत्न केला, तो फुकट गेला. महिना संपत आलाय. शिवणबाई मात्र आहेत ते दिवस वसूल करून घेतायत, रोज रोलर कोस्टरमध्ये दोन-दोनदा बसतात. या वयात! मला खाली उभं राहून धडकी भरते.

एक विचारायचं होतं, नुसतं माहितीसाठी. तुझी खोली तू गेल्यापासून रिकामीच आहे. तुझी जुनी खोकी आणि मोडका पलंग आहे तेवढाच. ती आवरून घेतली तर तुला वाईट वाटेल का? खोलीत उजेड चांगला येतो आणि तो कुणाच्या उपयोगी पडत नाही, असं परवा मनात आलं. घाई काही नाही, पण महिनाअखेरच्या आत कळवलंस तर बरं.

खाण्यापिण्याची हेळसांड करू नकोस.

तुझे,
बाबा

---

२२ मार्च

ती. रू. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रिकामी खोली, न वापरला जाणारा उजेड, बोलायला कुणी नाही. बाबा, तुम्ही इतके एकटे पडला आहात हे मला कळलंच नाही. मी आपली बागेत फिरा म्हणून मोकळी झाले.

तेव्हा आता ऐका. मी गुपचूप एक काम करून टाकलंय. माझ्या ओळखपत्रावर अजून तुमच्याच घरचा पत्ता आहे. म्हणून त्या पार्कात कळवून एका पत्त्यावरच्या दोघांचा पास काढला, तुमचा आणि माझा. पैसे भरले, फोटो पाठवले, दोन-तीन दिवसांत पास तुमच्या हातात पडेल. तुम्ही वर्षभर जा आणि मी सुट्टीत आले की आपण दोघं जाऊ. तुम्ही तो दर मुद्दाम लिहून कळवला होतात, तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तुम्ही सरळ कधी मागत नाही हे मला माहीत आहे.

आणि खोली मुळीच आवरू नका. मी तिथेच राहायला येणार आहे, मोडका पलंग मला चालतो.

आता तरी हसा, माझी कवळी दिसू दे लोकांना.

तुमची लाडकी,
ठकी

---

२७ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पास मिळाला. तुझा फोटो चांगला आला आहे. माझाही बरा आहे. तू आठवणीने एवढं केलंस, समाधान वाटलं.

खोली आवरत नाही. हवा स्वच्छ आहे.

तुझे,
बाबा

---

३० मार्च

चि. ठकीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुला वाटेल, वर्षभर दोन ओळी न खरडणारी आत्या आज एवढी पानं का लिहितेय. तर तू आणि तुझा बाप, दोघांच्या अकलेपुढे मी हात टेकले आहेत म्हणून.

गेल्या महिन्यात मी नातवंडांना घेऊन त्या पार्कात गेले होते. बघते तर रोलर कोस्टरखाली आमचे बंधुराज उभे, छातीशी बायकांची एक फुलाफुलांची पिशवी घट्ट धरून. डोळे वर. वर ती शिवणबाई, हात सोडून बसलेली. मला बघितल्याबरोबर त्याने पिशवी पाठीमागे लपवली. पिशवी भलीमोठी आणि तुझा बाप काडीसारखा, काय लपणार? शिवणबाई खाली उतरल्या, केस नीट केले, पिशवी घेतली आणि मला म्हणाल्या की यांना वर यायची भीती वाटते, पण खाली कुणी वाट बघत असलं की मला वर बरं वाटतं. मला बाई ती तिथेच आवडली.

तेव्हापासून बघतेय. पूर्वी फक्त जेवताना कवळी घालणारा माणूस हल्ली ती घालून बाहेर पडतो. इस्त्रीचे शर्ट घालतो. तुझ्या डोळ्यांसमोर असता तर तुझ्याही लक्षात आलं असतं.

दर वाढले, शिवणबाई यायच्या बंद होणार म्हटल्यावर त्याचा जीव कासावीस झाला. तिचा पास स्वतः काढून द्यायला गेला, तर तिने हात जोडले. परक्याकडून असलं काही घ्यायचं नाही म्हणाली. मग या शहाण्याने डोकं लढवलं की नोंदणी पद्धतीने लग्न केलं तर दोघांचा पत्ता एक होतो, नातंही होतं, आणि पास जुन्याच दरात मिळतो. असं त्याने तिला समजावून सांगितलं म्हणे, लिफ्टची मोटर कशी बदलायची ते सांगावं तसं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की आधी मुलीला विचारा. तुझी खोली आवरू का, हे जे त्याने तुला विचारलं ना, तेच ते विचारणं होतं. त्या मेल्याची तेवढीच छाती झाली.

त्यावर तू काय केलंस? घरटी एकच मिळणारा तो पास स्वतःच्या नावावर काढून मोकळी झालीस. पास भिंतीवरच्या घड्याळामागे ठेवलाय. तो आल्यापासून तुझा बाप एकदाही पार्कात गेलेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, पोरीने प्रेमाने दिलंय, आता काही बोलू नये. काल गेले तेव्हा कवळी न घालता पडून होता.

तुला तुझ्या आईच्या जागी कुणी आलेलं चालणार नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी त्याची समजूत काढीन. पण चालत असेल तर लवकर लिही. पत्राचा राग मानू नकोस, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

तुझी,
आत्या

---

४ एप्रिल

ती. रू. बाबांना सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र आलं. तुम्ही तिच्यावर चिडू नका.

खरं सांगायचं तर आधी मलाच राग आला. एवढी मोठी गोष्ट आणि तुम्ही ती मोडक्या पलंगाआड लपवलीत. मग आईची आठवण येऊन मी रडले. कामाच्या टेबलावरच रडले. समोर कुणाची तरी नवीकोरी कवळी होती, ती सारखी हसत होती, तेव्हा शेवटी मलाही हसू फुटलं.

बाबा, आईची जागा तुम्ही कुणाला देत नाही आहात, एवढं मला कळतं. ती गेल्यावर तुम्ही दोन वर्षं घरात धड बोलत नव्हता. मग त्या पार्कात जायला लागलात आणि तुमची पत्रं लांब होत गेली. मला वाटायचं, मोकळ्या हवेचा गुण. मला थोडं दुखतंय, ते खोटं कशाला सांगू. पण तुम्ही कवळी न घालता पडून राहिलात, हे ऐकून जे दुखलं ते त्याहून जास्त होतं.

पार्काच्या कचेरीत विचारलं. पास एकदाही वापरला नसेल तर महिन्याच्या आत परत घेतात. तेव्हा घड्याळामागून काढा आणि खिडकीवर देऊन या. माझ्या नावाची जागा रिकामी झाली. खोलीही आवरा. खोकी आत्याकडे टाका, तिलाच फार पुळका आलाय. पलंग भंगारात द्या.

फक्त एक करा. शिवणबाईंना पासाचं गणित पुन्हा सांगत बसू नका. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि काय झालं ते मला अगदी सगळं लिहा.

तुमची,
ठकी

---

१५ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग अक्काला, म्हणजे तुझ्या आत्याला, वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले आणि वर मलाच मूर्ख म्हणाली. सगळं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो.

तुझा निरोप घेऊन शिवणबाईंकडे गेलो. तुझी हरकत नाही म्हटल्यावर त्या खूश झाल्या, पण बोलल्या फारसं नाहीत. म्हणाल्या, चला तर मग, पासाचं बघून येऊ. वाटेत आम्ही पासाबद्दलच बोललो. दुसरं काही बोलायचं मला सुचेना. तू नको म्हणाली होतीस तरी गणितच पुन्हा सांगितलं.

खिडकीवर तुझा पास परत दिला. त्यांनी खळखळ न करता घेतला. मग लग्नानंतर काढायच्या नव्या पासाची चौकशी केली, तर आतल्या मुलीने बोटाने वर दाखवलं. वर अस्वल होतंच, पोटावरचे आकडे मात्र बदललेले. त्या दिवसापासून दोघांच्या पासाचाही दर वाढवला होता. दोघांनी वेगवेगळे पास काढले तरी तेवढेच पडले असते.

शिवणबाईंनी चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाल्या, बरं झालं आधीच कळलं, आता पत्ता बदलायची काही गरज उरली नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं, अगदी सहज म्हणाल्या. आणि फाटकाकडे चालायला लागल्या.

ठके, जन्मात मला एवढी भीती वाटली नव्हती. मी मागून हाक मारली. मला कमी ऐकू येतं म्हणून माझा आवाज मोठा निघतो हे तुला माहीत आहेच. सगळ्या रांगेला ऐकू गेलं. म्हणालो की मला पास नको आहे. त्या पार्कात मी यंत्रं बघायला जात नव्हतो, तुम्ही येता म्हणून जात होतो. तुम्ही नसलात तर मला फुकटसुद्धा आत जायचं नाही. आणि तुम्ही घरी आलात तर मला कुठेच जायचं नाही.

जुळ्यांची आई डोळे विस्फारून बघत होती. शिवणबाई परत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की महिनाभर मी हेच ऐकायची वाट बघत होते आणि तुम्ही मला दर सांगत होतात. मग विचारलं, तुमच्या त्या खोलीत शिवणयंत्र खिडकीशी बसेल का? मी म्हटलं, बसेल. माप मी आधीच घेऊन ठेवलं होतं.

नोंदणीची तारीख पुढच्या महिन्यात मिळाली आहे. साक्षीला अक्का आणि कवायतीचे मास्तर. तू आली नाहीस तर मी सही करणार नाही. उतरायला आत्याचं घर आहे, पण तुझ्यासाठी इथे नवा पलंग घेतला आहे. यंत्र ठेवूनही त्याला जागा उरते. पास कुणीच काढला नाही. संध्याकाळी आम्ही दाराच्या पायरीवर बसतो. त्यांना उंचीची आठवण येते, मग गच्चीवर जातो. काल मी कठड्यापर्यंत गेलो होतो.

हे पत्र त्या शेजारी बसून वाचतायत. म्हणाल्या, शेवटी आशीर्वाद दोघांचे लिहा. मी म्हटलं, अजून महिना आहे. त्या म्हणाल्या, मुलीला आत्तापासूनच लागतात.

तेव्हा तुला आम्हा दोघांचे आशीर्वाद.

तुझे,
बाबा