तसबीर काखेत घेऊन

पुणे, ४ मे २०२५

ती. मामांना,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की हॉस्टेलातल्या सगळ्या पोरी माझा संसार ऐकतात. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो ह्यांच्या मोबाईलवर पाठवते. ते तुम्हांला दाखवतील.

दवाखान्यातली माझी नर्सची नोकरी पक्की झाली म्हणून तुम्ही डोंगरकड्यात पेढे वाटले, ते कळलं. आता राहिलं घर. नर्सांच्या हॉस्टेलात लेकराला ठेवू देत नाहीत. शाळा उघडायच्या आत घर मिळालं तर आकांक्षा इथं माझ्याजवळ पहिलीत बसेल, नाहीतर आणखी एक वर्ष ती तिकडं अन् मी इकडं. परवा फोनवर ती मला आई म्हणायच्या ऐवजी आत्यांसारखं ज्योती म्हणाली. हसू आलं अन् मग रडूही आलं.

दवाखान्याजवळची घरं घेतली तर सगळा पगार भाड्यातच जाईल. लांबची परवडतात, पण तिथं भाड्यावर जमलं की पुढचे प्रश्न येतात. पूर्ण नाव काय, घरात देव कोणते. एजंट म्हणतो, मॅडम, आडनाव पुटपुटायचं, तसबिरी पेटीत ठेवायच्या, एकदा राहायला गेलं की कोण काढतंय. दोन ठिकाणी मी तसंच केलं. कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, बाबांना विचार. तर विचारते.

आत्यांना जयभीम, आकांक्षाला पापा. माया आहेच, ती तशीच असू द्यावी.

तुमची सून,
ज्योती

डोंगरकडा, ७ मे २०२५

चि. सौ. ज्योतीस,
भिवाजीचा जयभीम अन् आशीर्वाद.

तुझा कागद चष्मा लावून दोनदा वाचला. आमी समदे खुशाल हाव.

बाई गं, मी जन्मभर गवंडीकाम केलं. इथून आखाडा बाळापूरपर्यंत लोकांच्या भिंती उभ्या केल्या, अन् माझ्या सुनेला पुण्यात चार भिंती मिळू नयेत म्हंजी काय? मिळतील. पण तू पुटपुटून राहिलीस काहून? चोरी केली का आपण? पुटपुटून घेतलेल्या घरात लेकरू मोठ्यानं कसं बोलंल?

आता माझं ऐक. आपल्या बैठकीतली तसबीर, बुद्ध अन् बाबासाहेब एकाच चौकटीत असलेली, तुझ्या सासूनं नागपूरहून मांडीवर घेऊन आणलेली, ती मी काल गोधडीत बांधून पुण्याच्या ट्रॅव्हल्समधी दिली. ड्रायव्हर शंकरसिंग वळखीचा हाय. ती काखेत घ्यायची अन् घर बघायला जायचं. आधी तसबीर, मग भाडं. ज्याला नको असंल त्याचं तोंड दारातच दिसंल, तुझी चप्पल झिजायची वाचंल. भिंत भुंडी केली म्हणून तुझी सासू कालपासून माझ्याशी बोलत न्हाई. बोलंल. जाती कुठं!

अन् एक ध्यानात ठेव. घरमालक आपल्या भिंतीची खोट सांगत नसतो. सांगणारा भेटला तर त्याचं घर सोडू नको.

तब्येतीला जप. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा मामा,
भिवाजी

पुणे, २० मे २०२५

ती. मामांना,
सविनय जयभीम. वि. वि.

तसबीर काचेसकट शाबूत आली. आत्यांना सांगा. मात्र ती काखेत घेऊन हिंडायचं म्हणजे काय असतं, ते एकदा तुम्ही येऊन बघाच! बसमध्ये लोक मला जागा देत नाहीत, तसबिरीला देतात.

एका बाईंनी जाळीच्या दारातूनच पाहिलं आणि साहेब गावाला गेलेत म्हणून सांगितलं. साहेब मागं सोफ्यावर बसलेले. दुसऱ्यांनी तसबिरीला मनापासून हात जोडले आणि मग मला म्हणाले, खोली कालच गेली. एका घरी आनंदानं हो म्हणाले, चहाही दिला, पण भाडं ऐकून मी चहा संपवून उठले. एजंट आता माझा फोनच उचलत नाही.

एक मात्र खरं सांगते मामा. आधी नकार घेऊन आले की वाटायचं, माझंच काही चुकलं. आता तसं वाटत नाही. काख तेवढी दुखते.

पण भीती आहेच. शाळेतल्या बाई म्हणाल्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात राहण्याचा पत्ता द्या, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला जाईल. काय करू?

लोभ आहे, धीरही द्या.

तुमची सून,
ज्योती

डोंगरकडा, २२ मे २०२५

चि. सौ. ज्योतीस जयभीम अन् आशीर्वाद.

काय करू म्हंजी? हिंडू. दुसरं काय!

मी आकांक्षाला सांगून टाकलं का आपण पुण्याला चाललो. तुझी सासू म्हणली, अजून घराचा पत्ता न्हाई अन् लेकराला काहून सांगता. तेवढ्यात पोरीनं कापडं पिशवीत भरली बी. आता ती पिशवी उपसायला लावू नको. दोन्हींपैकी एका काखेला आराम दे अन् दुसरीत घे तसबीर.

भिवाजी

पुणे, २ जून २०२५

ती. मामांना,
सविनय जयभीम. वि. वि.

घर मिळालं! मामा, घर मिळालं!

मालकिणीचं नाव मोतीबाई. लमाणी तांड्यावरून आल्या, जन्मभर बांधकामावर विटा वाहिल्या आणि शेवटी स्वतःचं घर बांधलं. दार उघडून त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. तसबीर हातातून घेतली, पदरानं काच पुसली आणि मला आत बोलावलं. मी हिय्या करून माझं पूर्ण नाव खणखणीत सांगितलं. तर म्हणाल्या, हळू बोल गं, मी काय बहिरी नाही.

मग मी तसबीर कुठं शोभेल म्हणून एका भिंतीला धरून पाहिली, तर त्या ओरडल्याच. त्या भिंतीला नको, पावसाळ्यात ओल धरते, आतला कागद डागाळेल, समोरच्या भिंतीला लाव म्हणाल्या. भिंतीच्या खोटीचं तुमचं वाक्य आठवलं आणि मी मटकन खालीच बसले. त्यांना वाटलं भोवळ आली, साखर-पाणी घेऊन धावल्या.

भाडं पगाराला झेपेल असं आहे. एवढं कमी कसं विचारलं, तर म्हणाल्या, ओलीच्या भिंतीचं कमी केलं. दवाखाना लांब पडतो, दोन बस बदलाव्या लागतात. लागू देत. शाळेत पत्ता देऊन आले.

आता लवकर यावं. मी तुमची सगळ्यांची वाट बघते.

तुमची सून,
ज्योती

डोंगरकडा, ४ जून २०२५

चि. सौ. ज्योतीस जयभीम अन् लई लई आशीर्वाद.

तुझा कागद वाचून तुझी सासू पदर डोळ्याला लावून बसली. ती तसबीर आता तिकडंच राहू दे म्हणती. इथं दुसरी आणू. मोतीबाईसाठी ज्वारीचं पीठ अन् तुरीची डाळ बांधून ठेवलीय.

रविवारी मी, तुझा धनी प्रेमानंद अन् आकांक्षा निघतो. प्रेमानंद तिथंच वायरिंगचं काम बघंल, मी चार दिस राहून माघारी फिरीन. येताना थापी अन् ओळंबा आणतो. त्या भिंतीची ओल मी काढतो. मोतीबाईला आधीच सांग, ओल गेली तरी भाडं वाढवायचं न्हाई.

रातीपासून तुझी लेक मागं लागलीय, तिथं माझ्या दप्तराला खिळा हाय का म्हणून. म्हणलं, जाऊन ठोकू. तर इचारती कशी, नवं घर हाय, हळू ठोकायचा का मोठ्यानं?

म्हणलं, मोठ्यानं.

तुझा मामा,
भिवाजी