प्राचीची प्लेट

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार
पोचलो एकदाचा. कर्जतला उतरून सहा आसनी रिक्षानं चौक, तिथून खालापूरकडं आत. डोंगराखाली बंगला, मागं प्रयोगशाळा. समिधा मॅडम वीस वर्षं परदेशात होत्या, सगळं आयुष्य पेशींवर घातलं. जिंतूरला मी मोबाईल दुरुस्त करायचो, बारीक कामात हात हलत नाही, म्हणून त्यांनी कामाला घेतलं. सातवीच शिकलो म्हणालो तर म्हणाल्या, बरंच आहे, शिकलेले प्रश्न फार विचारतात. स्वयंपाकाच्या अंबूबाईंनी ताटात भाताचा ढीग घातला. म्हणाल्या, भाकर नाय हाय, आमी भातावरच वाढलेलो, खा रं.

१९ जानेवारी २०२५, रविवार
आता काम हातात बसलं. प्लेटीत पेशी असतात, त्यांचं गुलाबी पाणी रोज बदलायचं. रविवार नाही, सण नाही. केलं ते वहीत लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी खरं लिहायचं.
पहिली प्लेट प्राचीची, मॅडमच्या मुलीची. नऊ वर्षांची, स्नायू झिजतात म्हणून चाकाच्या खुर्चीत. तिच्या कातडीतल्या पेशी मॅडमनी जन्माआधीसारख्या कोवळ्या केल्या, आतला चुकीचा तुकडा कापून बरोबरचा बसवला. त्यांचेच स्नायू करून तिच्या अंगात सोडायचे. शेजारची प्लेट माझी. ताडून बघायला धडधाकट माणूस पाहिजे म्हणून माझ्या दंडाचा मसुरीएवढा तुकडा घेतला होता.
पोरगी लई तिखट. मला मराठवाडा एक्स्प्रेस म्हणते. पत्त्यात पानं लपवते आणि चोर मलाच ठरवते.

२ फेब्रुवारी, रविवार
मॅडम शुक्रवारपासून बाहेरगावी. एका जागी बसवेना मला. त्याच दिवशी नेरळला गेलो, तिथून माथेरान. आज दुपारी आलो. प्राचीची प्लेट मेली. सगळं सुटून तरंगत होतं. माझी मात्र धरून होती.
माझ्या प्लेटीतल्या अर्ध्या पेशी काढून नव्या प्लेटीत घातल्या. वर नाव लिहिलं प्राची. वहीत लिहिलं, पाणी बदललं.

१० मार्च, सोमवार
आज त्या प्लेटीतल्या पेशींचे स्नायू प्राचीच्या अंगात सोडले. पुन्हा तपासत बसायला वेळ नाही, तिचा श्वास अपुरा पडतोय, असं मॅडम म्हणाल्या. दोनदा दारापर्यंत गेलो. सांगितलं तर हाकलतील. नाही सांगितलं तर पोरगी — परत फिरलो.

२८ मार्च
अंगठा हलला. अंबूबाईंनी नारळ फोडला. मॅडम जमिनीवर बसून रडल्या. मीपण. म्हटलं देवानं झाकलं.

६ एप्रिल
ती चालते. पण थांबत नाही. सकाळपासून बंगल्याभोवती फेऱ्या. तळवे फुटले तरी चालू. अंबूबाई मागं मागं, बस गं बाय, बस. ती म्हणाली, बसवत नाही गं.
मलाच माहीत आहे हे कुणाचं आहे.

९ एप्रिल
तिला ताप. अंग परकं मांस टाकून देतंय. मॅडमनी तपासलं, पेशी कुणाच्या ते कळलं. मला बोलावलं. ओरडल्या नाहीत, चहा दिला. २ फेब्रुवारीच्या ओळीवर रेघ मारायला लावली, शेजारी खरं लिहायला लावलं. वाचून म्हणाल्या, वीस वर्षांत मला जमलं नाही ते तुझ्या खोटेपणानं झालं. हे स्नायू झडत राहतील, तुझेच नवे लागत राहतील. प्लेटीत वाढवत बसायला वेळ नाही.
मला वाटलं होतं हाकलतील.

११ एप्रिल
मॅडमनी डाव्या मांडीतून मांस घेतलं. तळहाताएवढं. शुद्धीवर आलो तर दाराला कुलूप. बाहेर प्राचीच्या पावलांचा आवाज.

१४ एप्रिल
उजवी. फोन नाही. अंबूबाई खिडकीखालून विचारत होत्या, पोरगा कुठं हाय. मॅडम म्हणाल्या, गावी गेला. मी हाक मारली. भूल देताना घशात नळी घातलेली, आवाज बसलाय, नुसता वारा —

१५
अंबूबाई येत नाहीत आता. पाय गादीला टेकवत नाही. मॅडम रोज दूध पाजतात, अंडी भरवतात. खा म्हणतात, तिच्यासाठी —

१७
प्राची आली. एकटी. चावी तिच्याकडं. कुजबुजलो, दार उघडं ठेव, सरपटत जातो, आईला सांगू नको. तिनं मान डोलावली. चादर सारली. बोटानं दाबत दाबत वर — पोटरी, गुडघा, पोट — दंडावर थांबली. आईला हाक मारली. इथं अजून आहे म्हणाली, आई, इथं चांग—