रिकामं पिस्तूल

आबा, परवा मिसळणाच्या डब्यात हळद भरताना मी एकटीच हसत सुटले. ते दिवस आठवले. तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नांदेडहून तुमची बदली तिथल्या नव्या पोलीस मुख्यालयात, शस्त्रं सांभाळायला झाली आणि मागोमाग मीही तिथंच शिपाई म्हणून भरती झाले. दुष्काळ असा की टँकर दिसला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची. आणि तुम्ही स्वयंपाकघरात फतकल मारून तोच डबा गोल फिरवताय. "ह्या वाट्या म्हंजे रिव्हॉल्वरची घरं. चाप ओढला की चक्र फिरतं, पुढचं घर नळीसमोर येतं. गोळी सुटली तरी रिकामं काडतूस घरातच ऱ्हातं. उघडलं की सगळं दिसतं." मग मूठ वळून म्हणता, "पिस्तुलाच्या गोळ्या हितं, मुठीतल्या मॅगझीनमधी. एक उडाली की वरचा भाग मागं सरकतो, काडतूस भाईर फेकतो, दुसरी गोळी आत घेतो. मॅगझीन काढलं तरी एखादी नळीत बसलेली असती. वरचा भाग मागं ओढ, डोळ्यानं बघ, मगच बोल."

"काय करायलाव हो?" आई ओरडली. "हळद सांडली की सगळी! धुवायला पाणी तुमचा साहेब देतो का?"

भरतीनंतरच्या शस्त्रांच्या परीक्षेत नापास झाले असते तर मला कायमची टपालाच्या टेबलावर बसवणार होते, आणि मला तर बंदोबस्तावर जायचं होतं. परीक्षेत रिव्हॉल्वर समजावताना मी परीक्षा घेणाऱ्या साहेबांसमोर चक्क "ही पहिली वाटी" म्हणाले. बरोबरची पोरं खिदळली. मग तुम्ही माझ्या हातात पिस्तूल दिलंत. मी मॅगझीन काढलं. "रिकामं?" साहेबांनी विचारलं. मी थांबले, वरचा भाग मागे ओढला, आणि एक नकली काडतूस टण्णकन फरशीवर पडलं. साहेबांच्या हुकमावरून ते तुम्हीच आत ठेवलं होतंत. शिस्त-बिस्त विसरून तुम्ही ओरडलात, "हाव! माझी पोरगी हाय ती!" तेवढा आनंद मला पुढे बढतीतही झाला नाही.

मरेपर्यंत तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात, "मी डोळ्यानं सुदिक खुणावलं न्हाई." म्हणूनच हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. आबा, दुसऱ्याच्या हातातल्या शस्त्रावरून तुमची नजर कधी हलायची नाही. त्या दिवशी तुम्ही छताकडे बघत होतात. मी "हो साहेब" म्हणणारच होते, ते बघून थांबले.