रिकामी फेरी

९ नोव्हेंबर १९७६, मालेगाव (वाशीमजवळचं)

पोचलो एकदाचा! वाशीमहून एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण स्टँडवरची भजी फर्मास. इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये शेठजींनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून यांत्रिक हात आणलाय. गाठी उचलून थप्पी लावतो. त्याला हुकूम द्यायचे ते भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांनी, आणि त्या पट्ट्यांचं कपाट म्हणजे शुद्ध उकिरडा! आधी एक रशियन इंजिनिअर होता, मग जर्मन, मग नागपूरचा मदनसिंग. तिघांच्या खुणांच्या भाषा तीन. कुणी काही फेकलं नाही, कुणी काही आवरलं नाही. मी सगळं झाडून एकाच भाषेत एकच पट्टी करणार. जमलं की नोकरी पक्की. न जमायला काय झालंय? पुण्यात काय झक मारायला शिकलो?

११ नोव्हेंबर

गंमत सापडली. तिन्ही भाषांत एक तुकडा अगदी तोच. पहिली गाठ उचलण्याआधी हात रिकामाच उत्तरेच्या कोपऱ्यात जातो, पंजा उघडतो, हळूच मिटतो, परत येतो. कशासाठी? मुकादम देवमनला विचारलं. तो म्हणाला, पयल्या हंगामात तिथं सोमला नावाचा हमाल उभा होता, हातानं त्याले गाठ समजून दाबला, जागीच मेला. तवापासून हात रोज आधी माणूस शोधते. कोपऱ्यात मूठ मिटली का त्याले वाटते, भेटला. मग दिवसभर कोणाले धरत नाही.

पोट धरून हसलो. हा देवमन बौद्ध, देव-भूत काही मानत नाही म्हणून मिरवतो, आणि इथे लोखंडाची समजूत काढत बसतो! तोंडावर बोललो तसं. त्यावर म्हणे, देव नाही मानत साहेब, पण हात डोयानं पाह्यला.

१५ नोव्हेंबर

झाली नवी पट्टी. सुटसुटीत, देखणी. रिकामी फेरी अर्थात उडवली. जुन्या पट्ट्या चुलीत घातल्या. मदनसिंगच्या अकलेवर चहा झकास उकळला. शेठजी खूश. मजूर बायका मात्र आत यायला तयार नाहीत. झाडणारी विमलबाई त्यांची पुढारी. कायले मरायले जाऊ, असं मलाच विचारते! खाडा लावतो म्हटल्यावर आल्या सगळ्या मुकाट्यानं.

१७ नोव्हेंबर

हात गाठी सोडून मजुरांच्या डोक्यावर थांबतो. पंजा उघडा. वंगणाचा दोष, दुसरं काय? इथलं वंगणही इथल्या माणसांसारखंच, वेळेवर कामाला येत नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळ

वीज तोडली तरी फिरतो. मेन स्विच मी स्वतः — पुन्हा तपासला. बंदच आहे. देवमनचा दुपट्टा खांद्यावरून ओढून नेला. मी घाबरलेलो नाही.

दुपार

विमलबाई. कमरेला धरलंय तिला, अधांतरी. ओरडतेय. पंजा हळूहळू आवळतोय. तारा कापल्या, पहारी घातल्या, काही नाही —

रिकाम्या फेरीची पट्टी पुन्हा पाडून लावली. हात तिला घेऊनच कोपऱ्यात गेला, पंजा न उघडता परत आला. आता फसत नाही. त्याची समजूत मीच पुसली. मीच, गाढव!

देवमन म्हणतो, कोपऱ्यात खराच माणूस दिसला तर तिले सोडंल, मी जातो. घरी चार लेकरं आहेत त्याला. अडाणी कुठला! अक्कल नाही ती नाहीच.

थोड्या वेळानं

देवमनला बाहेर ढकलून आतून कडी घातली. दार बडवतोय, शिव्या देतोय. शिव्या मात्र कसदार आहेत. भीती वाटते. फार वाटते. कोपऱ्यात बसलोय.

हात वळला. विमलबाईला खाली ठेवलं — अलगद — ती सरपटतेय — कडी वर आहे बाई, वर! — निघाली. बाहेर गेली.

येतोय. धक्का नाही, अडखळणं नाही. मी लिहिली तशीच फेरी. त्या तिघांच्या बापाला जमली नसती इतकी स्वच्छ — पंजा उघड