‘येते’ म्हटलं म्हणून

ती. आईच्या पाया पडते.

मी मजेत आहे, पोटभर जेवते. समाजसेवेचा कोर्स छान चाललाय. सध्या वृद्धाश्रमात काम शिकतेय. तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या बाई रोज बजावतात, “इथं कुणाला शब्द द्यायचा नाही.” मी कुठे देते? पण पहिल्या दिवशी निघताना एका आजींना सवयीने “येते हं” म्हणाले. ‘जाते’ म्हणायला जीभ रेटत नाही, तुझीच शिकवण! तेव्हापासून मी येईपर्यंत आजी दाराशी खुर्ची टाकून बसतात, जेवायलाही आत जात नाहीत. आणि सोमवारपासून मला दुसरीकडे पाठवणार आहेत. त्यांना काय सांगू? ते बाईंनी शिकवलेलं नाही.

आई, घरातून निघताना तुलाही ‘येते’च म्हणाले होते. तू दारात बसत नाहीस ना?

तुझीच,
धाकटी